परत आलेली घरघंटी

पितृपंधरवड्यात आबांच्या म्हाळाला कुबलांच्या हॉलमध्ये या वर्षी एक आगंतुक होता आणि तो जागचा हलत नव्हता. टीव्हीशेजारी प्रधानांकडून परत आलेली घरघंटी उभी होती. सुलक्षणाबाईंनी तिच्यावर जुनी चादर टाकली होती, पण कमरेएवढं पिठाचं मशीन चादरीखाली लपतं थोडंच? त्यात मुलुंडच्या त्या घरात आबांचा फोटो ठेवायला दुसरी उंच जागा उरली नव्हती, म्हणून शेवटी फोटोही चादरीवरच ठेवावा लागला. ज्या माणसाने अखेरपर्यंत घरोघर घरघंट्या पोचवल्या, तो झेंडूचा हार घालून गिऱ्हाइकाने नाकारलेल्या घरघंटीवर विराजमान झाला होता. सून रश्मी पानं मांडताना त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होती.

मशीन परत घ्यायचं ठरवलं होतं तिनेच, घरात कुणालाही न विचारता. कुबलांच्या घरघंट्यांच्या दुकानात ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला काय काय सांगत बसणार, म्हणून तिच्या नवऱ्याने, सुयोगने, ते टेम्पोतून थेट घरी आणलं, आणि तेव्हापासून तो बायकोशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. सासरे, म्हणजे नंदकुमार, काहीच बोलत नव्हते. त्यामुळे दोघांच्या वाटणीचं सुलक्षणाबाई, तिच्या सासूबाई, बोलत होत्या.

"रश्मी, वडे पुरतील ना गं? मोठे काका दोन जास्तच खातात."

"पुरतील, आई."

"आणि हे बघ. मशीनचा विषय निघाला तर तू तोंड उघडू नकोस. मी बघते काय ते."

विषय निघणार हे दोघींनाही ठाऊक होतं. मोठे काका, नंदकुमारांचे भाऊ चंद्रप्रकाश कुबल, बोरिवलीहून सकाळीच आले होते. थोरले म्हणून विधी त्यांच्याच हातून झाला होता. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळाही फारसे आढेवेढे न घेता शिवला. एवढं सगळं सुरळीत पार पडल्यावर काका पानावर येऊन बसले, त्यांनी काळ्या वाटाण्याच्या आमटीत वडा बुडवला आणि मग चादरीकडे मान वळवली.

"नंदू, ह्या मशीन हयसर कित्याक इला?"

"परत आलंय," नंदकुमार पानात बघत म्हणाले.

"परत? आबांच्या वेळेक कधी मशीन परत इला?"

सुलक्षणाबाईंनी काकांच्या पानात न मागता खीर वाढली, पण काका खिरीने गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

"सुयोग, तू सांग. तुझा बाप काय सांगायचा नाही."

सुयोग जणू याचीच वाट बघत होता. "काका, आपली ती रीत आहे ना, तिने घात केला. मशीन गिऱ्हाइकाच्या घरी लावलं की आपल्या गावच्या उकड्या तांदळाची पहिली मूठ आपण टाकायची. तर प्रधानांकडे रश्मीने टाकली. आणि त्यांनी मशीन घेतलं होतं उपवासाच्या पिठांसाठी. राजगिरा, वरी, शिंगाडा. तांदूळ पडला म्हणून आजीबाई म्हणाल्या, आता हे उपवासाला चालायचं नाही. विषय संपला!"

"मग धुवन पुसान देवचा."

"दिलं ना! रश्मीने जाऊन अख्खं मशीन खोललं, जाळ्या काढल्या, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर स्वच्छ केलं. तरी नाहीच. आणि मग ही बाई," त्याने बायकोकडे नुसती हनुवटी उडवली, "ही म्हणाली, आजी, मी मशीन परत घेऊन जाते. अरे, मला एक फोन तरी! त्यांच्या सोसायटीचं अख्खं महिला मंडळ दिवाळीच्या भाजणीआधी मशीन घेणार होतं. प्रधानांच्या आजी म्हणतील ती पूर्व दिशा. आता सगळ्या म्हणतात, थांबू या, बघू या. सीझनची वाट लागली, काका."

ती रीत आबांची. कापडाची गिरणी सुटल्यावर आबांनी पिठाची धरली, दुसऱ्याच्या चक्कीवर उभं राहून वर्षानुवर्षं पीठ अंगावर घेतलं, आणि पुढे हे दुकान काढून दोन्ही मुलांच्या नावावर केलं. विकलेलं प्रत्येक मशीन पोचवायला ते स्वतः जात, कुडाळच्या घरचे उकडे तांदूळ रुमालात बांधून. पहिली मूठ कुबलांची. मग त्या घरच्या बाईने तिच्या धान्याचं दळण घालायचं, आणि त्या पिठाची भाकरी खाऊनच आबा उठायचे. अशा भाकऱ्या खाऊन त्यांनी अर्ध्या मुलुंडशी नातं जोडलं होतं. त्या मुठीने कधी कोणाचं मशीन बाटेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घालायच्या आधी विचारायला हवं, एवढंच कुबलांच्या तीन पिढ्यांना सुचलं नव्हतं.

"आता ही रीत बंद करा, बाबा," सुयोग म्हणाला. "मशीन द्यायचं, सही घ्यायची, निघायचं. ते भाकरी वगैरे आता कोणाकडे टाइम नाही ना."

नंदकुमारांचा हात पानावरच थांबला. रश्मीला वाटलं, ते आता भडकतील. ते भडकले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बघू." एवढंच, आणि तेही हरलेल्या आवाजात.

सुयोग वाईट नव्हता, पण मे महिन्यात अंधेरीच्या एका हॉटेलात विक्रीकलेचं शिबिर करून आल्यापासून त्याच्या अंगात आलं होतं. रोज सकाळी दुकानाच्या मागच्या आरशासमोर उभा राहून तो स्वतःला मोठ्याने सांगायचा, "मी जिंकणार! आजचा दिवस माझा!" एकदा डबा घेऊन आलेल्या सुलक्षणाबाई फोन चालू असेल म्हणून बराच वेळ बाहेर ताटकळल्या होत्या. दुकानाची नवी पाटीही त्याच शिबिराचं फळ. गिरणीची कटकट कायमची बंद! लाल अक्षरात, उद्गारचिन्हासकट. हेच वाक्य तो घरोघरी म्हणायचा, आणि प्रधानांकडे तर त्याने ते दोनदा म्हटलं होतं.

रश्मीला आरशाशी बोलणं जमलं नव्हतं. लग्नाआधी ती पवईच्या एका ऑफिसात हेडसेट लावून लोकांना फोनवर कर्जं विकायची. दिवसभर नुसतं 'नाही' ऐकायचं. लोक वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत, काही शिव्या द्यायचे. वाकोल्याला घरी पोचली की तिला आईशीही बोलावंसं वाटायचं नाही. कुबलांच्या दुकानात आल्यावर पहिल्यांदा एका घरून नकार घेऊन परतली, तेव्हा ती पार पडेल चेहऱ्याने आली होती. नंदकुमारांनी विचारलं होतं, "चहा दिला का त्यांनी?"

"दिला."

"मग झालं की. नाही मशीनला म्हटलं. चहा तुला दिला. आता पुढच्या वेळी चहाला जा."

एवढ्या एका बोलण्यावर तिचं वर्ष सुखात गेलं होतं. ती खरोखरच चहाला जायची. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाची जाळी चोंदली, सगळं तिला ठाऊक असायचं. विकायचं काम इतकं माणसांचं असू शकतं, हे तिला माहीतच नव्हतं. त्यामुळे जेव्हा काकांनी हात धुतले, खुर्चीत बसून बडीशेप तोंडात टाकली आणि मनात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली.

"नंदू, एक औषधवाला आपला दुकानाचा गाळा भाड्याने मागतोय. चांगला माणूस आहे. घटस्थापनेला होकार कळवायचाय. माझं मत आहे, देऊन टाकू." महत्त्वाचं बोलायचं असलं की काका मालवणी सोडून कचेरीतलं मराठी बोलत. "किती दिवस हे रेटायचं? मशीन आता लोक मोबाइलवर मागवतात. आणि आपल्याकडे विकलेलं परत यायला लागलंय."

"आणि आम्ही काय करायचं, भावजी?" सुलक्षणाबाई ताडकन म्हणाल्या. मघापर्यंत त्यांचा सगळा राग सुनेवर होता, तो क्षणात पलटी खाऊन दिरावर गेला. "यांनी घरी बसून पेपर वाचायचा?"

"सुयोग शिकलेला आहे. त्याला कुठेही सेल्समध्ये नोकरी लागेल. रश्मीला तर अनुभवच आहे पवईचा."

रश्मीला कानांवर हेडसेट बसल्यासारखं वाटलं.

सुयोगचाही चेहरा उतरला. रीत बंद करा म्हणणं वेगळं आणि दुकान बंद करा ऐकणं वेगळं. "काका, एवढं पण काही नाहीये," तो म्हणाला. "एक ऑर्डर गेली म्हणून..."

"तूच म्हणालास ना आत्ता, सीझनची वाट लागली?"

"म्हणजे तसं नाही, यार... काका!"

"नंदू, तू बोल."

नंदकुमारांनी आबांच्या फोटोकडे पाहिलं, फोटोखालच्या चादरीकडे पाहिलं. "दादा, तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "माझ्यात आता भांडायची ताकद नाही. आबांची रीतच चुकीची ठरली, तर मी कशाच्या जोरावर बसू तिथे?"

आता बोलायला हवं होतं. रश्मीला खरं कारण माहीत होतं आणि ते तांदूळ नव्हतं. मशीन खोलून स्वच्छ करूनही प्रधानांच्या आजी मानेनात, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती काहीच न सुचवता नुसती त्यांच्याकडे गेली होती. आजी, म्हणजे शर्मिष्ठाबाई, गव्हाची पिशवी घेऊन बाहेरच पडत होत्या. रश्मी सोबत चालत गेली. नाक्यावरच्या गुणाजीच्या गिरणीत त्यांच्यासाठी खास स्टूल होतं. तिथे पोचल्यावर घरात तोंडाला कुलूप लावून बसणारी ती बाई अशी काही फुलली की रश्मी बघत राहिली. चार बायका जमल्या, कोणीतरी लग्नाची बातमी दिली, गुणाजीने पट्टा थांबवून मुलीचा निकाल सांगितला, शर्मिष्ठाबाईंनी भाजणीत धणे किती घालायचे यावर एका तरुण मुलीला फैलावर घेतलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सून माझी गुणी आहे हो. पण मशीन आणलं त्या दिवशी म्हणाली, आई, आता गिरणीत जायची कटकट कायमची बंद. मी घरातून बाहेर पडते ती तेवढीच. आता कोणाला सांगू, मला ती कटकट हवी आहे म्हणून? हे ऋताला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

हे ऐकल्यावर मशीन तिथे ठेवायचं कुठल्या तोंडाने? रश्मीने चूक आमचीच म्हणून मशीन उचललं आणि ऋताला तांदळाचंच कारण राहू दिलं. आता तेच सांगितलं असतं तर आबांची रीत दोषातून सुटली असती, तीही सुटली असती. पण कुबलांच्या हॉलमध्ये बोललेलं संध्याकाळपर्यंत प्रधानांच्या सोसायटीत पोचलं असतं, आणि आजींनी फक्त तिच्यापाशी मोकळं केलेलं मन चव्हाट्यावर आलं असतं.

"बाबा, रीत चुकीची नाहीये," ती म्हणाली.

"रश्मी!" सासूबाईंनी डोळे मोठे केले.

"नाही आई, बोलू द्या. तांदळामुळे मशीन परत नाही आलं. विचारायला हवं होतं हे खरं, ती माझी चूक. पण परत यायचं कारण वेगळं आहे."

"मग सांग ना काय ते," सुयोग म्हणाला.

"सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी विश्वासाने सांगितलंय. त्यांच्या घरचं आहे ते."

"इथे आपलं घर बुडतंय, रश्मी!"

"माहितीये," ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेला तिचा आवाज फुटला. "मला दुकान बंद झालेलं नकोय. मला परत पवईला नाही जायचं. पण ते मी नाही सांगणार."

काकांनी बडीशेपेची वाटी पुन्हा जवळ ओढली. सुयोग काहीतरी कडू बोलणार असं दिसत होतं, तोंडही उघडलं होतं त्याने, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात शर्मिष्ठाबाई प्रधान उभ्या होत्या, इस्त्रीची सुती साडी, हातात काठी, मागे सून ऋता. बँकेत अधिकारी असलेली ऋता आज रविवार असूनही बँकेत निघाल्यासारखी गंभीर दिसत होती.

आता हे आणखी काय, म्हणून सुलक्षणाबाईंनी पदर सावरला. "या, या. आज आमच्याकडे सासऱ्यांचा म्हाळ आहे..."

"अगंबाई! मग आम्ही नंतर येतो."

"छे छे, आज दारी आलेलं माणूस परत पाठवत नाहीत. बसा. खीर घ्या."

शर्मिष्ठाबाई बसल्या. समोर चादर पांघरलेलं आपलंच मशीन आणि त्यावर हार घातलेले आबा पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मग सगळ्यांवरून नजर फिरवून विचारलं, "या मुलीला बोलणी बसली का?"

सुलक्षणाबाई खिरीची वाटी भरायला वळल्या.

"मला वाटलंच. म्हणून आले. परवा ही बया मशीन घेऊन गेली आणि घरात सगळ्यांना वाटलं, तांदळाचं निमित्त. ऋता मला म्हणाली, आई, तुम्ही एवढ्याशासाठी त्या मुलीचं नुकसान केलंत. मला रात्रभर चैन पडेना. काल सकाळी सांगून टाकलं हिला सगळं."

"मला नाक्यावरची गिरणी माहीतसुद्धा नव्हती नीट," ऋता म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "दळण येतं एवढंच माहीत. मला वाटायचं, या वयात आई पिशवी उचलून जातात, लोक काय म्हणतील. काल माझी सुट्टी होती, मी गेले त्यांच्याबरोबर. तिथे मला सगळ्या ओळखत होत्या! ऋताला पोळी लुसलुशीत लागते, ऋताला बढती मिळाली... मी ज्यांना कधी बघितलं नाही त्या बायकांना माझं सगळं माहीत. आई तिथे रोज माझं कौतुक करत होत्या आणि मी त्यांची ती जागा बंद करायला निघाले होते."

"तू कुठे बंद करत होतीस?" शर्मिष्ठाबाई म्हणाल्या आणि काठीचं टोक त्यांनी हळूच सुयोगकडे वळवलं. "ते पाटीवर लिहिलंय यांनी. गिरणीची कटकट कायमची बंद. अहो, तुम्ही मला विचारलंत का, मला कटकट होते का? आल्या आल्या तुम्ही बोलायलाच लागलात. फार छान बोलता, पण श्वास घेत नाही."

सुयोग कानापर्यंत लाल झाला. दुसरं कोणी असतं तर त्याने वाद घातला असता. इथे तो म्हणाला, "चुकलं, आजी." आणि मग बायकोकडे बघून आणखी हळू म्हणाला, "हे तू सांगितलं का नाहीस मला?"

"आत्ता म्हटलं ना, नाही सांगता येणार म्हणून."

"तेही खरंच," तो पुटपुटला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"आता मशीनचं ऐका," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "गहू-ज्वारी गुणाजीकडेच. त्यात बदल नाही. पण गुणाजी उपवासाचं वेगळं दळत नाही, आणि नवरात्र तोंडावर आलंय. तेव्हा घटस्थापनेला सकाळी मशीन पाठवा. आत्ता पंधरवड्यात नको. आणि मंडळातल्या बायकांना मी सांगितलंय, ज्यांना वेळ नाही त्यांनी घ्या, ज्यांना वेळ जात नाही त्यांनी माझ्याबरोबर चला. काही जणी घेतील, काही नाही घ्यायच्या. पण येऊ दे ही मुलगी एकेकीकडे. हिला माणूस कळतो."

नंदकुमार सगळ्या घराला ऐकू येईल असं म्हणाले, "सुलू, पाव्हण्यांना वडे वाढ." सुलक्षणाबाई आधीच उठल्या होत्या. जाता जाता त्यांनी रश्मीच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो लागला, पण बरा वाटला.

वडे खाता खाता शर्मिष्ठाबाईंनी काकांना गाठलं. कोण, कुठले, काय करता हे सगळं त्या विचारत गेल्या आणि काका, जे घरात कोणाला दाद देत नसत, ते शाळकरी मुलासारखी उत्तरं देत गेले. बोरिवली. एकटाच. बायको जाऊन आता बरेच दिवस झाले. मुलगा परदेशात.

"मग तुम्ही पीठ कुठून आणता?"

काकांनी वड्याचा तुकडा उगाचच आमटीत फिरवला. "पाकीट आणतो," ते म्हणाले. "दुकानातलं."

सुलक्षणाबाईंचा हात कपाळाला गेला. "भावजी! अहो, घरघंटीवाल्या आबांचे थोरले चिरंजीव तुम्ही, आणि पाकिटातलं पीठ?"

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचं हसू जरा लवकर संपलं, आणि ते फक्त रश्मीने पाहिलं. पाहुण्या निघून गेल्या, सुयोग त्यांना रिक्षात बसवायला खाली गेला, तेव्हा ती ताकाचा पेला घेऊन काकांपाशी जाऊन बसली. इतरांच्या घरी ती असंच बसायची, काही विकायचं नसताना. आपल्या घरात ती कोणाजवळ अशी कधी बसली नव्हती, हे बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

"काका, तुम्ही दुकानात शेवटचे कधी आला होता?"

"माका कोण इचारता?" काका म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी ताक घाईघाईने तोंडाला लावलं. पण आता सुटलेलं आवरेना. "नवी पाटी लागली, माका वॉट्सॅपवर फोटो. शिबिर केल्यान, माका नंतर कळला. माझा नाव हा त्या गाळ्यार. भाडेकरू इलो तर तो तरी म्हयन्याक एक फोन करतलो."

नंदकुमार बाल्कनीच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दादा," ते म्हणाले, "सख्ख्या भावाक बोलावूक लागता?"

"लागता," काका म्हणाले.

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आबांनंतर दोघांत शब्दाने भांडण झालं नव्हतं, म्हणूनच कदाचित हे इतकी वर्षं साचलं होतं. नंदकुमार पुढे आले आणि भावाच्या शेजारी, खुर्चीवर नाही, खाली चटईवरच बसले, जसे लहानपणी बसत असतील.

"माझा चुकला," ते म्हणाले. "ये रे दुकानात. माझे गुडघे गेले, सुयोग बोलत सुटता, रश्मी गिऱ्हाइकांकडे. गल्ल्यार बसाक कोण नाय. तू कचेरीत लोकांका सांभाळलंस इतकी वर्सां. माका तुझी गरज हा."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. औषधवाल्याचं नाव मग कोणी काढलं नाही, त्यांनीही नाही. रश्मी तिथून उठली. दोन भावांमध्ये बसून रडलेलं बरं दिसलं नसतं, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी न बोलता तिच्या हातात नॅपकिन दिला आणि स्वतःचे डोळे पदराने टिपले. पवई आता फार लांब गेली होती.

बाहेर काकांनी घसा साफ केला.

"नंदू," ते म्हणाले, "हल्ली दुकान उघडतास किती वाजता?"

"तू येतलंस तेवा," नंदकुमार म्हणाले.